दिसतंय का आता, आई?

मंडळी, ऐका! पेटी थांबवा जरा. सोपानराव, मृदंगावरचा हात काढा. आजचं आख्यान बिनवाद्याचं आहे, आणि ते गोड लागायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

एकच प्रश्न विचारतो. खरी गोष्ट कुणाच्या तोंडून आली म्हणजे आपण ती ऐकतो? वडीलधाऱ्याच्या? शिकलेल्याच्या? की ज्याचा आवाज मोठा, त्याच्या? — माना हलवू नका! माना तुम्ही दर एकादशीला हलवता. घरी जाऊन काय करता, ते तुमच्या घरच्यांना विचारायला हवं.

कथा पुराणातली नाही. हिच्यात राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. हिच्यात एक टीव्ही आहे! — हसताय? हसा, हसा. आत्ताच हसून घ्या, पुढे जागा नाही.

आणि ही ऐकीव गोष्टही नाही बरं का. त्या खोलीत मी स्वतः बसलो होतो.

चिंचणगावचे तात्या सरोदे. महसूल खात्यातून सर्कल ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, माझे जुने स्नेही. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई. मुलगा दिगंबर, सून पद्मजा. आणि मुलगी वैजयंता — घरात वैजू — ती लग्न होऊन कॅनडाला गेलेली. आठ वर्षांत येणं झालं नव्हतं. आज येते, उद्या येते, असं चाललेलं.

आणि एक दिवस वैजूचा फोन आला. गळ्यात गाठ. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल. कायमचा!

इकडे आईची काय तऱ्हा? द्वारकाबाईंना काचबिंदू. नजर रोज थोडी थोडी विझत चाललेली. मोबाइल काय, कॉम्प्युटर काय, डोळ्यांना लावला तरी नुसता उजेड दिसायचा. पण टीव्ही! टीव्ही मोठा, भिंतभर. त्याच्यापासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसल्या, की माणसाचं तोंड ओळखू यायचं. मालिकेतल्या बायांच्या नथा सांगायच्या त्या, कुठली कुणाची!

मग बेत ठरला. ऑपरेशनच्या दिवशी, आत नेण्याआधी, वैजू व्हिडिओवर येणार. तिकडे सकाळचे सात, आपले दुपारचे साडेचार. पाऊण तास मिळणार. दिगंबरच्या कॉम्प्युटरवर तिला घ्यायचं, कॉम्प्युटर वायरीनं टीव्हीला जोडायचा. लेकीचा शेवटचा आवाज आईच्या कानावर पडेल आणि आईच्या उरलेल्या नजरेला लेकीचं तोंड दिसेल. पाऊण तास, मंडळी! आठ वर्षांचं त्यात बोलायचं होतं.

द्वारकाबाई चार वाजल्यापासून स्टुलावर. नवं लुगडं नेसून! मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला तिला बघायचंय, तिनं तुमचं लुगडं कशाला बघायचं?" तर म्हणाल्या, "बुवा, तिला वाटायला नको, आई खचली."

साडेचार झाले. कॉम्प्युटरवर वैजू आली. आवाज आला — "आई!" आणि टीव्हीवर काय? बातम्या! कुठल्याशा पुलाचं उद्घाटन, कात्री, फीत, टाळ्या. वैजू नाही!

दिगंबर म्हणाला, "वायर सैल असेल." वायर काढली, फुंकली, घातली. पुलाचं उद्घाटन! "कॉम्प्युटर बंद करून चालू करतो." केला. त्यात सहा मिनिटं गेली, वैजूचा फोन तुटला, पुन्हा लागला. पुलाचं उद्घाटन! आणि तिकडून ती पोर विचारते, "आई, दिसतंय का आता?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून पद्मजा म्हणाली, "अहो, टीव्हीचा सोर्स बदलावा लागेल. टीव्ही अजून केबलच्या डब्याकडे बघतोय. त्याला सांगायला हवं, कॉम्प्युटरकडे बघ म्हणून. रिमोटवर बटण आहे."

ही पद्मजा कोण? लग्नाआधी तालुक्याला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची! तीन वर्षं! त्या घरात वायर म्हणजे काय हे नीट कळणारं एकच माणूस होतं, आणि ते दारात ताट घेऊन उभं होतं. दिगंबर काय म्हणाला? "तू चहाचं बघ."

बरं, रिमोट कुठे? तात्यांच्या मांडीवर! आता त्या रिमोटचं माहात्म्य ऐका. वरून प्लास्टिकची पिशवी, तिला रबर. आत, चालू-बंदचं, आवाजाचं आणि चॅनेलचं बटण सोडून बाकी सगळ्या बटणांवर वायरमनची काळी चिकटपट्टी! का? तर दोन वर्षांपूर्वी नातवानं काहीतरी दाबलं आणि दोन दिवस टीव्ही निळा पडला. तेव्हापासून तात्यांचा कायदा — रिमोटला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही! तुमच्याही घरी आहे ना असा पिशवीतला रिमोट? हं! खाली बघू नका, सगळ्यांच्याच घरी आहे.

ते सोर्सचं बटण त्या पट्टीखाली होतं, मंडळी. बोटभर पट्टी!

पद्मजा दुसऱ्यांदा म्हणाली. पदर सावरून, अगदी हळू. "तात्या, ती पट्टी काढता का? बटण तिच्याच खाली आहे." तात्या गरजले, "मी आणलाय टीव्ही! मला शिकवू नकोस! अजून एक बिघाड करून ठेवाल." आणि दिगंबरला म्हणाले, "टीव्हीचीच मागची बाजू खराब असणार. भिंतीवरून उतरव." उतरवला! द्वारकाबाईंच्या डोळ्यांपुढून टीव्ही उचलला आणि पालथा घातला दिवाणावर. त्या हातानं चाचपतायत, "कुठे गेला? वैजू आली का त्याच्यात?" मागून पाहिलं, काही कळलं नाही, पुन्हा लावला. वीस मिनिटं गेली.

आणि या वेळात आई-लेक काय बोलल्या म्हणता? सांगतो. "आई, दिसतंय का?" — "नाही गं." — "आता?" — "नाही." — "दादा, तुझ्याकडे काय येतंय?" — "थांब, थांब, हलू नकोस!" — "आता दिसतंय का, आई?" एवढंच! एका शब्दानं दुसरं काही नाही. मोजून पाऊण तासाचा गळा होता तिच्याकडे, तो आम्ही आमच्या वायरी तपासण्यात संपवला!

पद्मजा तिसऱ्यांदा बाहेर आली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मला एक मिनिट द्या. वन्संची वेळ संपत आली. एकच मिनिट." आणि तेव्हा खोलीतला एक माणूस म्हणाला, "सूनबाई, पुरुषमाणसं बघतायत ना? मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. तुम्ही आत व्हा."

कोण तो माणूस? या फेट्याकडे बघा. या उपरण्याकडे बघा. मी! मी म्हणालो! आदल्याच रात्री पलीकडच्या गावात नम्रतेवर दोन तास कीर्तन करून आलो होतो! आणि माझ्या शब्दाला मान देऊन ती आत गेली हो. माझ्या शब्दाला मान!

पाच-सात मिनिटांनी ती परत आली. या वेळी बोलली नाही. सरळ तात्यांच्या मांडीवरचा रिमोट उचलला, पिशवी फाडली, पट्टी नखानं खरवडली, बटण दोनदा दाबलं. टीव्हीवर दवाखान्याची खोली आली! लख्ख! रंग काय, उजेड काय!

खोलीत कुणी नव्हतं. आम्ही वायरीत डोकं घालून बसलो असतानाच तिला नेलं होतं. पांढरी गादी, चुरगळलेली चादर आणि उशी.

द्वारकाबाई पुढे सरकल्या. काचेवर हात ठेवला. त्या उशीवरून हात फिरवत म्हणाल्या, "किती पांढरी पडलीये गं माझी बाय... बोल ना!" आम्ही तीन बाप्ये तिथे उभे. शेवटी पद्मजानंच त्यांना उठवून आत नेलं.

पुढे? ऑपरेशन झालं, वैजू वाचली. देवाची कृपा म्हणा. आवाज गेला तो गेलाच. जखम भरून तिला समोर बसता यायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत द्वारकाबाईंची उरलेली नजर गेली. आता दर रविवारी साडेचारला ती टीव्हीवर येते. आई स्टुलावर बसते. लेक बोलू शकत नाही, आई बघू शकत नाही. दोघी तशाच बसतात, अर्धा अर्धा तास. टीव्ही मात्र झकास चालतो!

मी गेलो होतो परवा. पद्मजानं पाणी दिलं, वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "सूनबाई, माझं चुकलं." ती म्हणाली, "असू द्या, बुवा." मंडळी, तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर घास गिळता आला असता.

आता म्हणाल, बुवा, यात देव कुठे आहे? अरे, दारात ताट घेऊन तीनदा आला होता! तीनदा! आपण त्याला आत जायला सांगितलं. आता मागे बसलेल्या आयाबायांना विचारतो. आज दिवसभरात तुमचं एक वाक्य घरात पुरतं ऐकून घेतलं असेल, तर हात वर करा. ... करा ना! ... बघा रे, पुढच्या रांगांनो! मागे वळून बघा! मला काय बघताय?

आता रीतीप्रमाणे तुम्ही उठाल आणि माझ्या पाया पडायला रांग लावाल. आज कुणी पडायचं नाही! हा हारही काढतो. तडक घरी जा. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा आणि विचारा, "मघाशी तू काय सांगत होतीस?" ती म्हणेल, "काही नाही." तेवढ्यावर सुटका झाली म्हणून परत फिरू नका. तिथेच जमिनीवर बसा, आणि ती बोलेपर्यंत उठू नका. जा!