ड्युईवर लावलेली मिशी

हॅलो?… हो, गुलबर्गा. अंकुशराव वकिलांचंच घर… मी सुशीला, त्यांची मुलगी… कोण, बिदरहून? नागम्माकाकू, तुम्ही?… डाळ मिलच्या फोनवरून?

हो, हो… काकू, जरा दमानं बोला. एक वाक्य कानडीत, एक मराठीत, मला काही उमजेना.

काशप्पाकाकांना काय झालं?… मिशी?… उतरवायला निघालेत?

म्हणजे ट्रुमन निवडून आल्याचं तिथवर पोचलं तर… अहो, मी कशाला कळवू. काकांकडे रेडिओ आहे की.

मी हसत न्हाई, काकू… बरं, थोडी हसले. दादांना जाऊन महिना होत आला, त्यात हे पहिलंच. तेवढं माफ करा.

मधे कोण बोलतंय?… राघोबा? तुम्ही एक्स्चेंजवर बसून आमचं ऐकायलात?… कसली पैज म्हणून काय विचारता… बरं, ऐका, म्हणजे पुन्हा मधे तोंड घालणार न्हाई. आमच्या वडलांची, दादांची, आणि त्यांचे जुने दोस्त काशप्पाकाका यांची पैज लागली होती. अमेरिकेत अध्यक्ष म्हणून ट्रुमन आला तर काकांनी मिशी उतरवायची, ड्युई आला तर दादांनी… व्हय, ड्युई म्हणजे तोच, फोटोतला मिशीवाला. मिशीवाला माणूस हरत न्हाई, हे काकांचं गणित… हसू नका. तिकडच्या मोठमोठ्या पेपरांचं उत्तरही तेच आलं होतं. एकानं तर ड्युई आला म्हणून छापूनही टाकलं.

दादा?… दादा म्हणायचे, ट्रुमननं तरुणपणी कपड्याचं दुकान काढून बुडवलंय. दुकान बुडालेल्या माणसाला दारोदार हात जोडायची लाज उरत न्हाई. तो आगगाडीच्या शेवटच्या डब्यावर उभा राहून गावोगाव बोलायलाय, आणि ड्युई सांगतोय काय, तर तुमचा भविष्यकाळ तुमच्या पुढे आहे. दादा विचारायचे, तो मागं कुणाचा असतो… हो, बरोबर ठरले. ऐकायला राहिले न्हाईत, एवढंच… राघोबा, आता कान काढा.

काकू, बोला… हो… हो, कळलं. सोमवारी तुमच्या चंद्रम्माला बघायला सोयरे यायलेत, आणि बाप दारात बिनमिशीचा… लोक म्हणतील घरातलं कोण गेलं, व्हय… आणि तुम्हा लिंगायतांत तर कुणी गेलं तरी मिशी काढत न्हाईत, सुतकच पाळत न्हाईत… हो, सोयऱ्यांना खटकेल. मी कुठं न्हाई म्हणायलेय?

मग मी काय करू म्हणता?… पैज सोडली म्हणून सांगू?… बरं. द्या त्यांना.

काका, नमस्कार… बरी आहे मी… जेवते, व्हय. रोज जेवते.

काका, ती पैज मिटली समजा… अहो, दादाच न्हाईत, मग पैज कुणाशी?… माझ्याकडे आली? वारसानं?… मुलीला वारस धरणारे या मुलखात तुम्ही पहिलेच. दादा जन्मभर कोर्टात बायकांच्या वाट्यासाठी भांडले, आणि मला वाटा मिळाला तो तुमच्या मिशीत.

बरं, मग वारस म्हणून मीच सोडते… का न्हाई?… शब्द तो शब्द, हे ठीक आहे. पण अमेरिकेतसुद्धा पडलेल्या माणसाची मिशी कुणी काढून घेत न्हाई. ड्युईची आहे तिथंच आहे… मग असं करा, आत्ता अर्धी काढा, उरलेली सोयरे गेल्यावर… मी वकिलाचीच मुलगी, तडजोड सुचवणारच.

हो… दादांना तेच फार लागायचं. सत्तरी गाठली, पण मत म्हणून कुणी विचारलं न्हाई. निजाम हुजुरांच्या वाढदिवसाला झेंडे लावा म्हणाले की लावायचे. आता मिलिटरीचे साहेब आलेत, तेही पुढं कधीतरी विचारू म्हणतात… दादांनी जन्मात दिलं ते एकच मत, अमेरिकेला. तेही तुमच्यासमोर, ओसरीत चहा पिता पिता.

काय म्हणालात?… परत सांगा, लाइन खरखरायलीय…

किशननं न्हाई काढली, खरं आहे. पुतण्या म्हणून अग्नी दिला त्यानं, दहाव्याला न्हाव्यासमोर बसलाही, पण मिशीला हात लावू दिला न्हाई. नोकरीच्या अर्जावर फोटो लावायचा होता म्हणाला… मी काय बोलणार, काका? मुलींना तिथं कोण विचारतं.

तुम्ही होतात तिथं. बघितलं होतं मी. मागं, लिंबाखाली… न्हाव्यापर्यंत येऊन परत फिरलात?… हे मला माहीत नव्हतं…

न्हाई. बसा म्हणून कोण म्हणणार. नात्यातले न्हाई, जातीतले न्हाई…



म्हणजे ड्युई आला असता तरी तुम्ही… बरं. न्हाई विचारत… काकूंना द्या.

काकू… न्हाई, पैज न्हाई सोडली मी… रागवा, पण ऐका तरी. दादांच्या नावानं अजून एकाही माणसानं मिशी उतरवलेली न्हाई. काकांना उतरवायचीय… पैजेसाठी न्हाई हो. पैज त्यांना बरी सापडली, एवढंच… व्हय. तुम्हाला ठाऊकच असणार, चाळीस वर्षं संसार केलाय त्यांच्याशी.

सोयऱ्यांना ट्रुमनचं नका सांगू, वेड्यांचं घर म्हणतील. सांगा, यांचा भाऊ गेला… खोटं कुठं आहे त्यात?

मी?… सोमवारी?… दादांचं दहावं झाल्यापासून दार ओलांडलेलं न्हाई, काकू… न्हाई, तसं न्हाई. येते. रविवारीच येते. कुणी विचारलं तर तुम्ही गप्प बसा, मी सांगेन. चंद्रम्माची सोयरीक एका मिशीपायी मोडत असेल तर ते घर तिला नकोच.

काय?… न्हावी आलेलाय? मिलच्या अंगणात?… मग त्याला उन्हात कामून बसवलंय. आणि पाणी गरम करून द्या, कोमट न्हाई, चांगलं गरम… काकांच्या ओठावर आजवर वस्तरा फिरलेला न्हाई, जपून फिरव म्हणावं.

ठेवते मी.