पंचा आणि नारळ

ती पिशवी टेबलावर नको रे, खाली ठेव. खुर्चीच्या मागं. हां, तशी. नारळ दिसतोय त्यातून, स्वल्प आत ढकल — कशाला ते नंतर सांगतो. बस. ही देवळात गेलीय, शुक्रवारी अक्कांचं भजन असतं, तेव्हा चहा मलाच करावा लागेल — नको? सरी, नको तर नको. आण तो कागद. मानपत्र! कुणी लिहिलंय हे, तू? इलेक्ट्रॉनिक सिटीत काँप्युटरवर बसतोस ना तू, अद्वैत? मग हे ‘जलसम्राट’ कुठून सुचलं? ‘ज्यांच्या बाहूंत सागराचं बळ’ — अरे, सागर? बंगळुरात? मी जन्मभर खेळाचं पान केलं, पण अशी विशेषणं वापरली असती तर संपादकानं मला क्लासिफाइडला बसवलं असतं. आणि हे काय — ‘शेकडो बुडणाऱ्यांचे प्राण वाचवले.’ हे मी खोडतो. रागावू नकोस. प्राण वाचवले ते हाताच्या बोटांवर मोजावे एवढे. बाकीचे सगळे मेलेले होते. खंडोजी मेलेली माणसं वर काढायचा. लिहा ना तसं! का नाही लिहीत? नव्या क्रीडाभवनात, फुलांच्या माळांमध्ये, मढी बरी दिसत नाहीत म्हणून?

नाही, नाही, तुझ्यावर नाही ओरडत. आवाजच असा आहे माझा, प्रेसमध्ये मशीनच्या वर बोलायची सवय. तू मारतहळ्ळीहून स्कूटर मारत आलास, आधी त्याच्याकडे गेलास, त्यानं दारातूनच परत पाठवलं — बरोबर? ‘त्या जागेवर मी पाय ठेवणार नाही’ एवढंच म्हणाला ना? आणि तुमच्या कमिटीला वाटलं, म्हातारा भाव खातोय. मग कमिटीतला मल्लाप्पा म्हणाला असेल, विलासकाकांकडे जा, ते त्याचे जुने दोस्त, ते समजावतील. आणि नाहीच आला, तर शाल-नारळ त्यांच्या हातून घरी पोचवा, भिंतीवर नाव लागलं म्हणजे झालं. अगदी हेच म्हणाला? बघ. मल्लाप्पाला मी ओळखतो. वाईट माणूस नाही तो, हेच तर — वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्याची बहीण याच खंडोजीनं वर काढली. मनापासून सत्कार करतोय तो. तुम्ही सगळेच मनापासून करताय.

तुला त्या क्रीडाभवनाच्या जागेचं काय माहीत? तू पुण्याहून आलास तेव्हा तिथं सपाट मैदान असेल. मैदान नव्हतं ते. मुद्दम्मन केरे. केरे म्हणजे तळं — आमच्या घरात सगळे ‘केऱ्यावर जातो’ असंच म्हणायचे. एका अंगाला धोबीघाट, एका अंगाला वीटभट्टीवाल्यांनी माती काढून केलेले खड्डे, वरून बघितलं तर शांत पाणी, आत पायाखाली काहीच नाही. खंडोजी तिथं पोहायला शिकला. गिरणीत फिटर, पहाटे केऱ्यात, मग कामावर. म्हैसूर राज्य होतं तेव्हा राज्यात पहिला आला. मीच छापलं — चार ओळी, घोड्यांच्या शर्यतीच्या निकालाखाली. त्यानं ते कात्रण लाँड्रीच्या बिलासारखं घडी घालून खिशात ठेवलं आणि विसरला! बायकोनं शर्ट धुतला, गेलं. हसला नुसता. आणि पोरं शिकवायचा — रंगाऱ्यांची, शिंप्यांची, कन्नड, तमिळ, सगळी. फी विचारली तर म्हणायचा, पाणी माझ्या बापाचं आहे का?

मग कुणी बुडालं की पोलिसांची जीप गिरणीच्या दाराशी. फोरमन सोडायचा. आणि त्याची एक रीत होती, ती नीट ऐक, मग तुला कळेल तू पिशवीतून काय घेऊन फिरतोयस. काठावर गेला की चप्पल काढायचा. पाणी कपाळाला लावायचा. बुडालेल्याचं नाव कुणी सांगू लागलं तर हात वर करून थांबवायचा — नाव नंतर. आत जायचा. वर काढायचा. आणि मग त्या घरच्या माणसानं त्याला एक नवा पंचा द्यायचा आणि एक नारळ. पैसे नाहीत, चहासुद्धा नाही. तो पंच्यानं अंग पुसायचा, नारळ काठावर फोडायचा आणि म्हणायचा, ‘आता घरी न्या.’ बस्स. तेवढे ते तीन शब्द ऐकायला माणसं उभी असायची, खरं सांगतो. आकांत थांबायचा त्या तीन शब्दांनी. आणि मिळालं नाही कुणी — क्वचितच, पण व्हायचं, दिवस मावळायचा — तर ओल्या अंगानं घरी. कुणी आग्रहानं पंचा पुढं केला तरी हात लावायचा नाही. ‘अजून काम झालं नाही, अण्णा.’

आता बोल. शाल म्हणजे काय? महागाचा पंचाच की. तुम्ही त्याला त्याच जागी उभा करणार, अंगावर कापड घालणार, हातात नारळ देणार, वर टाळ्या वाजवणार. त्याच्या हिशेबात त्याचा अर्थ एकच — काम झालं, सगळे वर आले, आता घरी न्या. आणि नाही आले सगळे, अद्वैत. एक राहिलाय.

एक मुलगा. कॉलेजात नुकता गेलेला. खंडोजीचाच शागीर्द, सगळ्यांत चपळ — खंडोजी म्हणायचा, हा माझ्या पुढं जाईल. गणपती विसर्जनाला गर्दी होती, कुणाचं तरी लहान पोर घसरलं, हा कपड्यांसकट आत. पोराला ढकललं काठाकडं, लोकांनी ओढून घेतलं. पोर वाचलं. लोक त्या पोराभोवती गोळा झाले, पाणी ओकतंय का, रडतंय का — आणि याच्याकडे कुणाचं लक्षच नाही. स्वाभाविक आहे. मी कुणाला दोष देत नाही. मीही त्या पोराकडेच बघत होतो, सगळ्यांसारखा, म्हटलं आपला काय, त्याला पोहता येतं, कमळाच्या वेलींत जरा —

काय बघतोस?

नाही, पाणी नको. बस.

मल्हार. हिनं ठेवलेलं नाव. खंडोजीनं त्या वेळी नाव कळू नये म्हणून हात वर केला नाही. कसा करणार? नाव त्याला माहीत होतं. दिवसच्या दिवस जात होता तो आत, त्या विटांच्या खड्ड्यांमध्ये, हाताला वेली, चिखल. डोळे सुजून लाल. शेवटी पोलिसांनीच हाताला धरून बसवलं. ही रोज काठावर यायची, पदराखाली पंचा घेऊन — चिकपेठेतून आणलेला, लाल काठाचा. तो पंचा अजून कपाटात आहे. पिवळा पडायला लागला की धुते, नीळ घालते, परत घडी. मी एकदाही विचारलं नाही. काय विचारणार?

आणि मग केरे भरायचं ठरलं. शहर वाढतंय, डास होतात, क्रीडांगण हवं — सगळं खरं, मीच लिहिलं होतं कधीकाळी की या भागातल्या पोरांना खेळायला छप्पर हवं! मी आणि खंडोजी महापालिकेच्या साहेबांसमोर उभे राहिलो. म्हटलं, भरा, पण आधी पाणी काढा, गाळ एकदा हातानं बघू द्या. साहेब चांगला होता, खुर्ची दिली, होय म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी पडक्या घरांचे दगडमातीचे ट्रक पाण्यातच रिकामे होत होते. मी ट्रकच्या पुढं उभा राहिलो, भांडलो, ड्रायव्हरची गचांडी धरली — तो बिचारा म्हणतो, अण्णा, मला काय माहीत? बातमी लिहिली. आतल्या पानावर आली, लहानशी. खंडोजी भांडला नाही. तो रोज काठावर चप्पल काढून उभा राहायचा. काठ सरकेल तसा मागं मागं सरकत. मग एक दिवस सरकायला काठच राहिला नाही.

तू सांगतोस, फार सुंदर झालंय, लाकडी जमीन, चार कोर्टं, भिंतीवर पितळी पाट्या. असेल. मुलं खेळू देत. खरंच खेळू देत, त्यात काही — मल्हारलाही आवडलं असतं. पण खंडोजी मला काय म्हणाला सांगू? ‘विलास, मी येतो, पण पाय कुठं ठेवू ते सांग.’ मला माहीत नाही मल्हार कुठल्या टोकाला आहे. तेवढं जरी माहीत असतं ना, तर मीही आलो असतो रविवारी सत्काराला, खंडोजीचा हात धरून. तेवढी जागा सोडून चाललो असतो.

नाही रे, भिंतीवर मल्हारचं नाव वगैरे काही नको. कमिटीपुढं बोलूच नकोस. त्याच्याकडे मेडल नव्हतं, तुमच्या नियमात बसणार नाही, आणि बसवलंत तर मला सहन होणार नाही. खंडोजीचंही काढा. नाहीच काढलंत तर निदान ते ‘जलसम्राट’ काढा.

सरी. ऊठ आता. भजन सुटलं असेल. ती पिशवी घे — अशी नाही, छातीशी धर, वर रुमाल टाक. शाल आणि नारळ तिच्या नजरेला पडता कामा नये. कारण ती काही विचारणार नाही, अद्वैत. कोण, कुठून, कधी — काहीच नाही. सरळ कपाटापाशी जाईल.

फाटक वाजलं. मागच्या दारानं जा. जा म्हणतो ना —

अगं, कुणी नाही. पत्ता विचारत होता कुणाचा तरी.