बाई जागेवर नव्हत्या

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, आपल्या दूध संघाचे चेअरमन माननीय आबासाहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळी, पिंगळी, पूर्णा, जिंतूरहून आलेले दूध उत्पादक बंधू-भगिनी, आणि एकतीस वर्षं आपला फोन उचलणाऱ्या सत्कारमूर्ती सविताबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी जीवन, संगणक विभागाचा. बाईंचं कौतुक मंडळींनी भरपूर केलं. आवाजावरून त्या गाव ओळखायच्या, हेही सांगून झालं. मला मात्र वेगळंच सांगायचं आहे, आणि ते सांगताना मान वर होत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी नवा आलो, तेव्हा संघात नवी फोन यंत्रणा बसवली. दूध संकलनासाठी एक दाबा, पशुखाद्यासाठी दोन, जनावरांच्या डॉक्टरांसाठी तीन. थांबणाऱ्याला कंटाळा नको म्हणून मागे आरती लावली. केवढा हुशार मी! यंत्र आलं, आता बाई कशाला, म्हणून मीच परस्पर त्यांना गोदामाच्या नोंदींवर बसवलं. तीन नंबर मात्र बाईंच्या जुन्या टेबलावरच वाजत राहिला. तो बदलायचा मी विसरलो.

आठवड्यातच कमलबाईंची म्हैस विताना अडली. पिंगळीच्या कमलबाई, त्या पुढंच बसल्यात. त्यांनी तीन दाबलं. रिकाम्या टेबलावर फोन वाजतोय, इकडं कानात आरती. एक संपली की तीच पुन्हा सुरू. अर्धा तास! आपण कुणीही फोन ठेवला असता, दुसरीकडं लावला असता. कमलबाईंनी ठेवला नाही. नंतर मी विचारलं, तर म्हणाल्या, "आरती चालू हाय म्हणल्यावर मधीच कशी सोडावी, बाबा? चप्पल काढून उभी होते मी." शेवटी शेजाऱ्यांनी डॉक्टरांना गाठलं, पण ते पोचेपर्यंत म्हैस गेली होती.

चौकशी झाली. फोन का उचलला नाही, असं आबासाहेबांनी मला विचारलं. मी काय म्हणालो? "बाई जागेवर नव्हत्या."

शब्द खरे होते, मंडळी. म्हणूनच ते जास्त वाईट. बाईंच्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा पडला. एकतीस वर्षांतला एकुलता एक. चोर सोडून संन्याशाला फाशी! बाहेर येऊन बाई मला एवढंच म्हणाल्या, "जाऊ द्या सर, तुमची नोकरी नवी हाय." त्यांना सगळं माहीत होतं. मी दुसऱ्या दिवशी गुपचूप नंबर बदलला, आरती काढली, बाईंना पुन्हा फोनवर आणलं. शेऱ्याबद्दल तेवढं बोललो नाही. रोज त्यांच्या हातचा चहा पीत आलो. लाज वाटते, फार लाज वाटते.

आबासाहेब, ते सेवापुस्तक आज कायमचं बंद होतंय. त्याआधी तो शेरा खोडून माझ्या पुस्तकात लिहावा, असा अर्ज मी सकाळीच आपल्या टेबलावर ठेवला आहे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, अशी विनंती करायची रीत आहे. पण माझं चुकलं ते आजच्या बोलण्यात नाही, त्या दिवशीच्या बोलण्यात. कमलबाई, मला क्षमा करा. आणि सविताबाई, तुम्ही जागेवरच होतात. जागा मी हलवली होती.