घोड्याची गॅरंटी

"हॅलो? … हॅलो, धर्मेंद्रभाई? गोडादऱ्याहून उषाबाई बोलतेय, वरातीच्या घोडीवाल्या… हां, लालीची मालकीण."

उषाबाईंनी फोन खांद्यात दाबला आणि कमरेचा कागद काढून मांडीवर पसरला. समोर सून वैशाली मेथी निवडत होती. खाटेवर मुलगा संदीप मोबाईल बघत पडला होता.

"पेढे कसले? घोडी रिकामीच आहे हो… रिकामी म्हणजे रिकामी! काल डॉक्टर सोनोग्राफी करून गेले. दोनदा चलथाणपर्यंत तुमच्या घोड्याकडे आणली, दोन्ही वेळा तेच… म्हणून तर म्हणते, गॅरंटीचं बोला. छापील कागद आहे माझ्याकडे. वर तुमच्या बादशहाचा फोटो, गळ्यात हार…

"काय? गॅरंटी घोड्याची होती, घोडीची नव्हती? म्हणजे घोडा चढेल एवढीच गॅरंटी? अहो भाई, ते मी डोळ्यांनी पाहिलं, त्याला कागद कशाला! इथे लिहिलंय, 'शिंगरू उभं राहून आईचं दूध पिईपर्यंत जबाबदारी आमची.' … खाली? बारीक अक्षरात? थांबा… 'घोडी नाचवल्यास गॅरंटी रद्द.' बरं मग? नाही नाचवली.

"कोणता व्हिडिओ? … ती आमची नाही! तिच्या कपाळावर काळा ठिपका आहे, नीट बघा. लाली पूर्ण लगीनसराई दावणीला उभी होती. घरी आलेले नवरदेव परत पाठवले मी. मागच्या गल्लीतल्या निंबाआप्पांचा योगेंद्र जीपच्या बॉनेटवर बसून गेला आणि मांडवाच्या दारात घसरून पडला… हसू नका! त्याची आई अजून बोलत नाही माझ्याशी.

"चौदावं चालू आहे लालीला. यंदा नाही राहिलं तर संपलं. ह्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेली शेवटची घोडी ती. ते गेले, आता निदान तिच्या पोटचं एक शिंगरू दावणीला असावं, एवढंच… हो, बाजारात मिळतात. मला नकोय बाजारातलं.

"पुन्हा आणू? फुकट? … हां, हे बोललात. बरं… दाणापाणी माझं? … राखणदाराचा चहा-नाश्ता माझा? … घोड्याचे बदामही मीच आणायचे? मग फुकट काय राहिलं भाई, त्याचा मूड?

"आणि ऐका ना, डॉक्टर म्हणाले, घोड्याचंही वीर्य तपासून घ्या. लॅबमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे… का म्हणजे? … अब्रू कसली जाते त्यात? … कोण हसेल? बाकीचे घोडे?"

पलीकडे बहुधा ख्यालीखुशालीची चौकशी सुरू झाली, कारण उषाबाईंचा आवाज जरा खाली आला.

"हां, घरी मजेत. संदीप तिकडे सचिन गावच्या कापडमिलमध्येच आहे, आज सुट्टी… सून? नाही हो, अजून काही नाही. पाचवं वर्ष. दोन डॉक्टरीणबाई झाल्या, दुर्बीण घालून झाली, गुरुवारचे उपास चालू आहेत… रिपोर्ट नॉर्मलच येतात, पण कुठेतरी असणारच ना काहीतरी. आता उधन्याला एक नवीन डॉक्टरीण ऐकलीय, तिच्याकडे नेते."

वैशालीने मान वर केली नाही. मेथीची पानं तेवढी भराभर तुटायला लागली.

"ते राहू द्या, घोड्याचं बोला… जातिवंत आहे, मान्य. त्याच्या बापाची पन्नास शिंगरं असतील, म्हणून याच्यात काही नसेल कशावरून? … खातोपितो, धडधाकट दिसतो, म्हणून तपासायचंच नाही? … अहो, पण माझ्या घोडीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत! दोन वर्षं तिलाच सुया, तिलाच औषधं, तिलाच उचलून डॉक्टरपुढे उभी करतेय. मुकं जनावर बोलत नाही, म्हणून सगळा दोष तिचा? नराला हात लावायचा नाही आणि मादीला तपासत राहायचं, हा कुठला न्याय हो?"

मेथी तुटायची थांबली होती. उषाबाईंनी वर पाहिलं. वैशाली त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसतीच. खाटेवर संदीपने मोबाईल हळूच पालथा घातला.

"… हॅलो? हो, आहे मी. नाही, कटला नाही… काही नाही झालं.

"काय म्हणालात? … तपासून घेता? कधी? … सोमवारी. बरं. रिपोर्ट मला पाठवा, मगच लालीला आणते. आधी नाही… नाही, रागावले नाही. तुम्ही ऐकलंत, बरं वाटलं. तुम्हाला सांगणं सोपं होतं हो…"

त्यांनी फोन कानापासून थोडा दूर धरला, पण बंद केला नाही.

"सोमवारी मिलला खाडा कर. सकाळी उपाशीपोटी यावं लागतं का, ते लॅबमध्ये विचारून ठेवते… वैशाली कशाला? ती घरी राहील. तू एकटाच चल.

"… अं? नाही भाई, तुम्हाला नाही म्हणाले. घोड्यालाही नाही. मुलाला सांगत होते… हो, सोमवारीच. ठेवते."