दाखल्यावरचा शेरा

(जून १९५७. चिंचवडच्या एका शाळेतली मुख्याध्यापिकांची खोली. शनिवार, अर्ध्या दिवसाची शाळा नुकतीच सुटली आहे.)

रंभा : बसत नाही मी, बाई. उभीच बरी आहे. माझा शाळा सोडल्याचा दाखला कुठं आहे, तेवढं सांगा.

सुमनताई : आधी पाणी पी बघू. स्टेशनपासून चालत आलीस ना? तोंड कसं लाल झालंय.

रंभा : पाणी नको. दाखला हवाय.

सुमनताई : अगं, मॅट्रिकचा निकाल लागल्यापासून पन्नास दाखले गेले असतील शाळेतून. कारकुनांना विचारायला हवं मला.

रंभा : मी विचारलं. आत्ता, बाहेर. बबनरावांनी रजिस्टर उघडून दाखवलं. माझ्या नावापुढं लिहिलंय, 'प्राथमिक शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी रजिस्टर पोस्टाने रवाना.' अक्षर बबनरावांचं नाही. तुमचं आहे.

सुमनताई : बबनराव अजून घरी गेले नाहीत?

रंभा : सात वर्षं वाचलंय ते अक्षर फळ्यावर. अंधारातसुद्धा ओळखेन.

सुमनताई : दार लोटून घे, रंभा.

रंभा : राहू द्या उघडंच.

सुमनताई : तू पुण्याला गेली होतीस? एकटी?

रंभा : एकटी. मावशीनं दशमी बांधून दिली. म्हटलं, आता कॉलेजात जायचंय तर गाडीत एकटं बसायची सवय हवी. कॉलेजच्या खिडकीपाशी रांग होती. माझ्यापुढं कोण होतं, सांगू?

सुमनताई : इंदू.

रंभा : इंदू. तुमची भाची. मला बघून म्हणाली, 'अय्या, तू इथं कशी गं? आत्या तर म्हणाली, रंभा मास्तरणीच्या ट्रेनिंगला चालली.' रांगेतल्या सगळ्या ऐकत होत्या. मी तिच्याशी भांडले, बाई. तिला म्हटलं, तू खोटं बोलतेस, आमच्या बाई असं करायच्या नाहीत. तुमच्या बाजूनं भांडले मी.

सुमनताई : मी तुला सांगणारच होते.

रंभा : मग माझा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं मार्क बघितले, मान डोलावली. म्हणाला, दाखला द्या. म्हटलं, शाळेतून येणार आहे. तो म्हणाला, सोमवारी बारा वाजता प्रवेश बंद. दाखला नाही तर नाव नाही. आणि इंदूच्या हातात तिचा दाखला होता, घडीसुद्धा न मोडलेला.

सुमनताई : ट्रेनिंगचा फॉर्म मी काही चोरून भरला नाही. खाली सही तुझी आहे.

रंभा : कोऱ्या फॉर्मवर! परीक्षेच्या आधी, इथंच, या टेबलावर. तुम्ही म्हणालात, 'तू सही करून ठेव, बाकीचं मी भरते.' मी विचारलंसुद्धा नाही कशाचा फॉर्म ते. तुमच्या हातातला कागद काय उलटून बघायचा असतो?

सुमनताई : बस ना गं जरा.

रंभा : आठवीत तुम्हीच सांगितलंत. हायस्कुलात शिकवायचं तर बी.ए. व्हायचं, त्यावर बी.टी. चार वर्षं आणि एक वर्ष. मी बोटांवर मोजून मावशीला सांगितलं होतं, मॅट्रिकनंतर पाच वर्षांनी मी बाईंसारखी उभी राहून अकरावीला भूमिती शिकवणार. मावशी हसली. म्हणाली, आधी तुझ्या उंचीचा फळा शोधायला हवा.

सुमनताई : आणि पहिलीच्या पोरीचा हात धरून तिला 'क' काढायला शिकवणं, हे कमी आहे का?

रंभा : कमी नाही. मग इंदूला का नाही धाडलंत? तिला भूमितीत पस्तीस आहेत. मला ब्याण्णव.

सुमनताई : इंदू पुण्याची. तिला गाव नाही.

रंभा : म्हणजे मला गाव आहे हा माझा गुन्हा?

सुमनताई : ऐक. नदीला पाणी चढलं की तू चार महिने मावशीकडं चिंचवडात राहायचीस. रहाटणीच्या बाकीच्या मुलींना इथं मावशी नाही, रंभा. मुलगे होडीनं येतात, पोहून येतात, मुलींना कोण सोडतं? तेवीस मुली आहेत तुझ्या गावात. मी दारोदार हिंडून नावं लिहून घेतलीत. एकीला तरी सही येते का? गावात शाळा मागायला गेले तर शिक्षणखात्याचे साहेब म्हणाले, परगावची बाई खेड्यात टिकत नाही. शेजारच्या पिंपळ्याला दोघी नेमल्या. एक महिन्याभरात गेली, दुसरी दिवाळीला गेली ती आलीच नाही. म्हणाले, गावचीच मुलगी ट्रेनिंगला गेलेली दाखवा, मंजुरी देतो.

रंभा : आणि तुम्ही मला दाखवलंत.

सुमनताई : दुसरी कोण होती? त्या गावातून मॅट्रिक झालेली तू एकटी. शिवाय जागा तुझ्या आबांनी दिली. आपली मुलगी गावातच मास्तरीण होणार, या अटीवर दिली.

रंभा : आबांनी अट घातली?

सुमनताई : बापाचा जीव असतो गं. मुलगी डोळ्यांपुढं राहावी असं वाटतंच.

रंभा : आबांनी? परवा मावशीकडं यायला निघाले तेव्हा म्हणाले, नीट जा, मावशीला सांभाळून राहा. एक शब्द नाही बोलले.

सोपानराव : बाई, येऊ का आत? रंभे, हितं हाय व्हय तू! मावशीकडं जाऊन आलो, ती म्हनली पुण्याला गेली. म्हनलं, गाडी जोडून आनलीय तर घिऊन जाऊ. तुझं ट्रेनिंगाचं सामान काय काय लागतंय ते बाईंलाच इचारावं.

सुमनताई : या, सोपानराव. ते आपण उद्या बोलू. मीच येते रहाटणीला.

रंभा : आबा, तुम्ही शाळेला जागा देताना अट घातली होती?

सोपानराव : कसली अट?

रंभा : मी गावातच मास्तरीण व्हायचं, अशी.

सोपानराव : म्या? म्या कशाला अट घालीन? शाळंला जागा द्यायची आन् वर अट? बाई आल्या व्हत्या चैतात. म्हनल्या, सोपानराव, मारुतीपाठची धा गुंठं द्या. तुमची रंभा हितंच शिकवील, तिच्या लई मनात हाय, फकस्त तुमास्नी सांगायला लाजती. म्या म्हनलं, पोरीच्या मनात आसंल तर धा काय, इहिरीपतोर घ्या.

रंभा : माझ्या मनात आहे, असं म्हणाल्या?

सोपानराव : आता बाईंम्होरं खोटं बोलू व्हय? मला तर नवलच वाटलं. तुझी आई शिमग्यापासनं गोधडी शिवाया बसली व्हती, पुण्याच्या होस्टेलासाठी. म्हनायची, तिथं फरशी गार आस्ती. बाई येऊन गेल्या आन् तिनं ती तशीच उतरंडीवर टाकली. म्हनली, आता कुनाला लागतीया.

रंभा : बाई.

सुमनताई : हो. मी म्हणाले तसं.

सोपानराव : म्हंजी? तुझ्या मनात न्हवतं?

रंभा : न्हाई, आबा. माज्या मनात न्हवतं. मला कुनी इचारलंच न्हाई.

सुमनताई : विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

रंभा : कदाचित हो म्हटलं असतं. तुम्ही असं समोर बसवून तेवीस नावं वाचून दाखवली असतीत, तर मी रात्रभर रडले असते आणि सकाळी हो म्हटलं असतं. नाहीतर म्हटलं असतं, पाच वर्षं थांबा, येते. काय म्हटलं असतं ते मलाही माहीत नाही. आता ते दोघींनाही कधी कळायचं नाही.

सोपानराव : बाई, आमी अडानी मान्सं. तुमी सांगाल ती पूर्व. तुमच्यासाठी आमी चावडीत भांडलो, लोक म्हनत व्हते पोरींला कशाला शाळा. आन् तुमी माज्याच घरात बसून, माज्याच पोरीचं नाव घिऊन… न्हाई जमायचं. जाग्याचा कागद मोडतो मी. सोमवारीच जातो कचेरीत.

सुमनताई : सोपानराव, तेवढं करू नका. मला काय बोलायचं ते बोला. जागा काढू नका.

रंभा : राहू द्या, आबा. जागा राहू द्या. पोरींनी काय केलंय?

सोपानराव : मग तुजं काय?

रंभा : माझं सोमवारी बारा वाजेपर्यंत आहे.

सुमनताई : उद्या रविवार. ट्रेनिंगवाल्यांकडून मूळ दाखला काही परत यायचा नाही. मी दुसरी प्रत देते तुला, आत्ताच. त्यांनाही कळवते, हिचं नाव काढा म्हणून. बबनराव, दाखल्याचं पुस्तक आणि रजिस्टर द्या इकडं. हो, शिक्काही… हे बघ, तारीख आजचीच घालते. आणि इथं शेरा. 'मूळ दाखला गहाळ झाल्याने.'

रंभा : गहाळ झाला नाही.

सुमनताई : दुसऱ्या प्रतीला कारण लिहावंच लागतं. सगळे हेच लिहितात. कॉलेजात कोणी बघतसुद्धा नाही.

रंभा : रजिस्टर तर इथं राहणार ना? रंभानं दाखला हरवला, असं राहील त्यात. मी हरवला नाही, बाई. मी या शाळेत कधी साधी शिसपेन्सिल हरवली नाही.

सुमनताई : मग काय लिहू?

रंभा : झालं ते.

सुमनताई : रंभा, इन्स्पेक्टर दर वर्षी हे रजिस्टर पान अन् पान बघतात. माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची.

सोपानराव : जाऊ दे रंभे. कागद मिळतोय न्हवं? बाईमान्साला खाली बघाया लावू नगं.

रंभा : आबा, मी त्यांना खाली बघायला लावत नाही. खरं लिहा म्हणते. हे त्यांनीच शिकवलंय मला. दुसऱ्या कुणाकडून शिकले असते तर एव्हाना सोडूनही दिलं असतं.

सुमनताई : सांग. लिहिते.

रंभा : 'मूळ दाखला…'

सुमनताई : मूळ दाखला.

रंभा : 'विद्यार्थिनीला व तिच्या वडिलांना न विचारता…'

सुमनताई : वडिलांना न विचारता.

रंभा : 'मुख्याध्यापिकेने दुसरीकडे पाठविल्यामुळे ही प्रत दिली.'

सुमनताई : ही प्रत दिली. झालं. घे. शाई ओली आहे, जपून धर.

रंभा : सही राहिली.

सुमनताई : हो. सही.

सोपानराव : बाई, शिक्का बी मारा न्हवं.

सुमनताई : हा मारला, सोपानराव. रंभा, एक विचारू? त्या तेवीस मुलींना मी काय सांगू?

रंभा : तुमची दोन वर्षं राहिलीत म्हणालात. ती झाली की तुम्हीच या रहाटणीला शिकवायला. आमच्या घरात एक खोली मोकळी आहे. आबा नाही म्हणणार नाहीत.

सोपानराव : आं? न्हाई, तसं… आता पोरगीच म्हनती तर मी काय बोलू.

सुमनताई : आणि तू? तू येशील सुट्टीला, तेव्हा बोलशील माझ्याशी?

रंभा : दाखला वाळला. निघते मी.

सोपानराव : आगं, थांब. पुण्याला निघालीस, बाईंच्या पाया पड. सात वर्सं शिकिवलंय त्यांनी.

रंभा : बैल उन्हात उभे असतील, आबा. चला.