जिन्याच्या वरपर्यंत

सलूनवाला : या पेटीपासून माझा फायदा विचारलात ना साहेब, तर मोजून सांगतो. एक, बायको वरच्या खोलीतून दिवसातून तीसदा हाका मारायची, ‘कोण आलं हो, काय म्हणत होता,’ त्या हाका बंद झाल्या. दोन, दर हाकेला गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस तसाच ठेवून मला जिना चढायला लागायचा, ते वाचलं. तीन, ही परत हसायला लागली. याच्यापुढे काही निघालं तर तुम्हीच दाखवा.

तपासनीस : ही पेटी बनवली कुणी?

सलूनवाला : मीच. सुटे भाग मिळतात, जोडायचे. माईक आरशामागे, पेटी या फळीवर आणि वर बायकोच्या उशाशी साधा रेडिओ. कमरेचं हाड मोडून पाच महिने झाले तिला. त्याआधी बावीस वर्षं त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांचे नंबर लावायची. कुणाचं टक्कल कोणत्या साली उघडं पडलं ते तोंडपाठ. अशा बाईला नुसतं छताकडे बघत ठेवायचं म्हणजे काय? दुकान वर नेता येत नव्हतं, म्हटलं आवाज तरी नेऊ.

तपासनीस : तिला ऐकू येतं, हे तुम्हाला कसं कळतं?

सलूनवाला : काठी आपटते. एकदा आपटली म्हणजे ऐकलं. दोनदा म्हणजे गिऱ्हाईक थापा मारतंय. गेला आठवडाभर आपटली नाही, दुपारची झोपत असेल. आणि परवान्याचं म्हणाल तर नियम वाचलाय मी. घरातल्या घरात बिनपरवाना चालतं.

तपासनीस : लहरींची ताकद मर्यादेत असली तर चालतं. यंत्रापासून तीन मीटरवर मोजतो आम्ही. मर्यादेत असली की साठेक मीटरच्या पुढे नुसती खरखर उरते.

सलूनवाला : तेच तर. खिशात रेडिओ घालून मी स्वतः चालत गेलो होतो. शिंप्याच्या दारापर्यंत आवाज, औषधांच्या दुकानापाशी खरखर, कोपऱ्यावर काही नाही. पंचावन्न पावलं. भिंतीवर लिहून ठेवलंय बघा, कंगव्यांच्या वर.

तपासनीस : मला तुमचा आवाज गाडीत पहिल्यांदा लागला तो नदीच्या पुलावर. इथून तीन किलोमीटर.

सलूनवाला : दुसऱ्या कुणाचा असेल.

तपासनीस : ‘कानामागे थोडे राहू दे, केसांचा टोप तिथे टेकतो.’ हे कोण म्हणालं होतं?

सलूनवाला : साहेब, हळू बोला.

तपासनीस : आता हळू बोलून काय करणार? मुख्याध्यापकांनीच तक्रार केलीय. वर्गात शिरले की पोरं कानामागे बोट लावतात.

सलूनवाला : म्हणून येत नाहीत होय. मला वाटलं, मागच्या वेळी पाणी गार होतं म्हणून रुसले.

मेहुणी : भावोजी, ताईचं जेवण झालं. हे कोण? सकाळपासून दार लावून बसलात.

सलूनवाला : रेडिओ खात्याचे साहेब आहेत. साहेब, ही माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. कालच आली ताईला बघायला. धाकटे, हे म्हणतात दुकानातलं बोलणं पुलापर्यंत ऐकू येतं. सांग त्यांना, असं कुठे असतं का?

मेहुणी : काल बसमध्ये ड्रायव्हरने लावलं होतं.

सलूनवाला : काय लावलं होतं?

मेहुणी : तुम्हाला. खुर्चीत कोण बसलंय ते ओळखायची पैज चालली होती मागच्या बाकांवर. आल्या आल्या सांगणार होते, तर ताई म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस.

तपासनीस : पेटीतून ही तार निघालीय ती कुठे जाते?

सलूनवाला : गच्चीवर. कपडे वाळत घालायच्या तारेला जोडलीय. हिच्या रेडिओत खरखर यायला लागली, म्हणून पेटीला बूस्टर बसवला आणि ही तार जोडली. मग आवाज कसा स्वच्छ झाला.

तपासनीस : हे पावलं मोजायच्या आधी की नंतर?

सलूनवाला : नंतर.

तपासनीस : आणि तार जोडल्यावर पुन्हा चालून पाहिलंत?

सलूनवाला : नाही. पंचावन्न पावलं लिहिलेलीच होती ना. पण साहेब, सगळं काही बाहेर गेलं नसणार. कुणी मनातलं बोलायला लागलं की मी हा खटका बंद करतो. लाल दिवा गेला की पेटी बंद. मुख्याध्यापकांच्या वेळी विसरलो असेन एखाद वेळेस.

तपासनीस : करा बंद. गेला दिवा? आता बाई, हा माझा रेडिओ कानाशी धरून तुम्ही दाराबाहेर उभ्या राहा. आणि मालक, तुम्ही इथून काहीतरी बोला.

सलूनवाला : काय बोलू आता मी.

मेहुणी : ‘काय बोलू आता मी.’ यातून आलं, भावोजी.

तपासनीस : ही मागे बॅटरी कशासाठी?

सलूनवाला : वीज जाते अधूनमधून. हिचं दुकान मध्येच बंद पडू नये म्हणून.

तपासनीस : तुमचा खटका फक्त विजेची तार तोडतो. वीज तुटली की दिवा जातो आणि पेटी बॅटरीवर चालू राहते. पेटीच्या लेखी तुमचा खटका आणि वीज जाणं, दोन्ही सारखंच.

सलूनवाला : म्हणजे खटका एकदाही...

तपासनीस : बॅटरी लावल्यापासून एकदाही नाही. कधी लावलीत?

सलूनवाला : दीड महिना झाला.

मेहुणी : काय झालं, भावोजी? बसा आधी.

सलूनवाला : मंगळवारी कंपाउंडर आला होता दाढीला. दिवा बंद होता. मी स्वतः बंद केला होता, वळून बघितलंसुद्धा.

मेहुणी : काय बोललात त्याच्याशी?

सलूनवाला : काही नाही. दमलेल्या माणसाचं बोलणं.

मेहुणी : पुलापर्यंत सगळ्यांनी ऐकलंय, मीच तेवढी राहिलेय. सांगा.

सलूनवाला : म्हणालो, नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात एक पलंग बघून ठेव. म्हणालो, हाड जुळलं तरी ही काही खाली यायची नाही, आणि मी वर जाऊन जाऊन झिजलो. जिना दिसला की पाय जड होतात म्हणालो. हिला कळू देऊ नकोस, असंही म्हणालो. त्याची दाढी झाली, पुढचं गिऱ्हाईक बसलं, मी विसरून गेलो.

मेहुणी : ताईचा मला बुधवारी फोन आला. रजा काढ आणि मला तुझ्याकडे घेऊन चल. मी विचारलं, झालं काय? तर म्हणाली, इथला जिना आता चढवत नाही. मी म्हटलं, अगं, पलंगावर पडून तू कुठला जिना चढतेस? तर म्हणाली, ‘मी नाही गं.’

सलूनवाला : मंगळवारी रात्री तिने मलाच विचारलं होतं, जेवलात का म्हणून.

मेहुणी : बॅग भरून झालीय. चारची गाडी सांगितलीय. तुम्हाला गाडी दारात आल्यावर सांगायचं ठरलं होतं.

तपासनीस : मी माझं काम उरकतो. बूस्टर आणि बॅटरी जप्त करतोय, तार तोडलीय. हे बघा, माझ्या मीटरचा काटा मर्यादेच्या आत आला. पहिलीच वेळ आहे, ताकीद लिहितो. एवढी पेटी तुम्ही परवान्याशिवाय ठेवू शकता. आता आवाज वरच्या खोलीत जातो का, तेवढं बघून लिहायचंय. बाई, तुम्ही वर जाता? मालक, तुम्ही बोला.

(मेहुणी वर जाते. सलूनवाला खटका लावतो, दिवा लागलेला दोनदा बघतो आणि आरशाजवळ सरकतो.)

सलूनवाला : मी बोलतोय गं. आता हे पुलावर जात नाही, तुझ्यापर्यंतच येतं. साहेबांनी मोजलंय. कंपाउंडरला पलंग नको म्हणून सांगतो. आणि ही दुसरी खुर्ची काढतो, तिच्या जागी तुझा पलंग लावतो, आरशासमोर. रस्ता दिसेल. पाच महिन्यांत पलंग खाली आणायचं सुचलं नाही, पेटी तेवढी सुचली. ऐकलंस का?

तपासनीस : काठी वाजली का?

सलूनवाला : थांबा जरा. तिला वेळ लागतो.

मेहुणी : भावोजी, इथे वर आवाज स्वच्छ येतोय. तिने सगळं ऐकलं.

सलूनवाला : मग काठी का नाही आपटली?

मेहुणी : काठी बॅगेला बांधलीय.

तपासनीस : ‘वरच्या खोलीत आवाज पोहोचतो,’ असं लिहिलं. एक रकाना राहिला. नुकसान कुणाकुणाचं झालं? मुख्याध्यापकांचं लिहिलंय.

सलूनवाला : त्यांच्या वर हिचं लिहा.

तपासनीस : आणि तुमचं?

सलूनवाला : माझं चारनंतर लिहा, साहेब.