अठरा महिने

मदन महलच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक तरुण आणि एक म्हातारी बाई बोलत होते.

“काय वाचून राहिला रे, एवढं तोंड पाडून?”

“डॉक्टर मॅडमचे छापलेले लेख, काकू. एक्केचाळीस आहेत. आईच्या मेंदूत जी गाठ आहे ना, तिच्यावर पण एक आहे.”

“अच्छा. मग?”

“त्यातली सात नंबरची पेशंट अठराच महिने जगली.”

“जगली काहून म्हणतो? मॅडम लिहायला बसल्या, तेव्हा अठरा महिने झाले होते.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मॅडमनीच वाचून दाखवलं. सात नंबर मीच आहे, बेटा. दरवर्षी तपासायला येते. हे नववं वर्ष.”

मागे कागद मिटल्याचा आवाज आला.

“आई रक्त द्यायला गेली ना? आली की इथं बसव, माझ्याजवळ.”